किचन नवं आहे गं, पण बिल्डिंग नव्वद वर्षांची आहे

वाचकाचं पत्र:

ताई, मी मूळची साताऱ्याची, वय २८, सॉफ्टवेअरमधे आहे, अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली. जर्सी सिटीत दोन मुलींबरोबर शेअरिंगमधे राहते, आता एकटीचं घर हवंय. ऑफिस मॅनहॅटनला, लेक्सिंग्टन आणि ५३व्या स्ट्रीटपाशी. न्यूयॉर्क शहराच्याच क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सला एक वन बेडरूम बघितलं, सहा मजली जुनी बिल्डिंग, चौथा मजला, आतून पूर्ण रिनोव्हेट केलेलं, पांढरं किचन, नवीन फ्लोअरिंग, बघताक्षणी आवडलं. भाडं २,४५० डॉलर. एजंट म्हणतो पहिला महिना, शेवटचा महिना, एक महिन्याचं डिपॉझिट, एक महिना त्याची फी आणि १५० अ‍ॅप्लिकेशनचे, आणि घर हातचं जायला नको असेल तर आज रात्रीच झेलने, म्हणजे बँकेच्या अ‍ॅपवरून लगेच, पैसे पाठव. माझा पगार ९४,००० आहे, तो म्हणतो चार हजार कमी पडतात, मग सहा महिन्यांचं भाडं आधी दे. शिवाय विचारत होता की तुम्ही रोज इंडियन कुकिंग करता का, मालकाला वास चालत नाही. मैत्रिणी म्हणतात तिकडे फार मिक्स क्राउड आहे, न्यू जर्सीत एडिसनला ये, आपली माणसं आहेत. आई घाबरलीये. काय करू? आणि आजीचा दगडी खलबत्ता आणायचाय, जुन्या बिल्डिंगमधे चालेल का?

उत्तर:

अगं, पहिली गोष्ट, आज रात्री कुणालाही एक डॉलरही पाठवू नकोस. घर गेलं तर गेलं, जॅक्सन हाइट्समधे तशा सहा मजली बिल्डिंगा गल्लोगल्ली आहेत, पण झेलने गेलेला पैसा सहसा परत येत नाही, बँक सरळ सांगते की तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलात.

आता हिशेब करू. तो मागतोय ते सगळं मिळून ९,९५० होतात, सहा महिन्यांचं तर मी धरलंच नाहीये. कायद्याने तुझ्याकडून घेता येतात ते पहिल्या महिन्याचे २,४५०, डिपॉझिटचे २,४५० आणि क्रेडिट-बॅकग्राउंड चेकचे फार तर २०. झाले ४,९२०. म्हणजे वरचे ५,०३० डॉलर तो तुला माहीत नाही या भरवशावर मागतोय, आणि हे मला मनापासून लागतं, कारण बाहेरून आलेल्या मुलामुलींकडूनच हे जास्त मागितलं जातं.

२०१९ साली न्यूयॉर्क स्टेटने भाडेकरूंचा कायदा बदलला. डिपॉझिट म्हणा, अ‍ॅडव्हान्स म्हणा, शेवटचा महिना म्हणा, नाव काहीही दिलं तरी सगळं मिळून एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग शेवटचा महिना पण गेला आणि ते सहा महिन्यांचं आगाऊ भाडं पण गेलं. त्याच कायद्याने अ‍ॅप्लिकेशनची फी २० डॉलरवर आणून ठेवली आणि तू स्वतःचा तीस दिवसांच्या आतला क्रेडिट-बॅकग्राउंड रिपोर्ट दिलास तर तेही घ्यायचे नाहीत. राहिली एजंटची फी. ११ जून २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात नियम असा आहे की एजंटला ज्याने कामाला लावलं त्याने त्याचे पैसे द्यायचे. त्या घराची जाहिरात मालकाने त्याला करायला दिलीये ना, मग मालक देईल. तू कुणाला माझ्यासाठी घर शोध म्हणून सांगितलं असतंस तर गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे डोंबिवली-पुण्यात एक महिन्याचं भाडं ब्रोकरच्या हातावर ठेवायचं हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं ना की इथे कुणी मागितलं तर आपल्याला ते रीतसरच वाटतं, माझंही तसंच झालं होतं, पण तेव्हा कायदा नव्हता, आता आहे.

पगाराचं म्हणशील तर भाड्याच्या चाळीसपट वार्षिक पगार हवा ही इथल्या मालकांची पद्धत आहे, सरकारी नियम नाही. २,४५० चे चाळीसपट ९८,०००, त्यात तू चार हजारांनी मागे आहेस. बोनस धरलास का? ऑफर लेटरमधे बोनस, स्टॉक असं काही लिहिलेलं असेल तर ते दाखव, बँकेतली शिल्लक दाखव, जर्सीच्या मालकाकडून वेळेवर भाडं भरते असं पत्र आण. तरी नाही म्हणाला तर गॅरेंटर, म्हणजे जामीन, लागतो, त्याच्याकडून मात्र ऐंशीपट मागतात, म्हणजे १,९६,०००, आणि तो बहुतेक मालकांना अमेरिकेतलाच हवा असतो, साताऱ्याचे बाबा चालत नाहीत. पैसे घेऊन गॅरेंटर राहणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यांची फी परत मिळत नाही, पण चार हजारांसाठी चांगलं घर अडत असेल तर तो खर्च विचार करण्यासारखा आहे.

एजंटला हे सगळं फोनवर नको, टेक्स्ट किंवा ईमेलवर विचार, गोड भाषेत विचार, की बाबा ही फी कोणत्या नियमाने आहे जरा लिहून पाठवशील का. बहुतेक वेळा तिथेच आकडे खाली येतात. आणि न्यूयॉर्क स्टेटच्या डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या साइटवर त्याचं नाव टाकून लायसन्स आहे का बघ. नसेल तर विषय संपला.

आता त्या पांढऱ्या किचनकडे येऊ. तू पत्रात घराबद्दल जे जे लिहिलंयस ना, किचन, फ्लोअरिंग, ते सगळं गेल्या दोन-तीन महिन्यांत बसवलेलं असणार. भिंतीच्या आतलं काहीच तू लिहिलं नाहीस, कारण ते कुणी दाखवत नाही. मी १९९८ ला डोंबिवलीहून इथे आले तेव्हा ह्याच भागात ऐंशीच्या पुढच्या एका स्ट्रीटवर असंच नवंकोरं केलेलं घर घेतलं, आमच्या चाळीतल्या मोरीतून आलेली मी, ते चकचकीत कपाट बघून इतकी हरखले की बाकी काही बघितलंच नाही. जानेवारीत सिंकखालून गळायला लागलं. नवीन कपाटाच्या मागे जुना गंजलेला पाइप तसाच होता, नुसतं पुढून झाकलेलं, आणि आठ दिवसांत त्या कपाटाचा तळ पापडासारखा फुगला. मालकाचा माणूस आला तो म्हणाला तुम्हीच जास्त पाणी सांडता. निघताना तर पांढऱ्या ओट्यावर हळदीचा डाग पडला म्हणून डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली, कसली पावती नाही की हिशेब नाही, आणि मी गप्प बसले. म्हणून तुला एवढं घोळून घोळून सांगतेय.

परत एकदा घर बघायला जा, आणि संध्याकाळी जा, सहा-सातला, म्हणजे शेजारी घरी असतात आणि आवाज, वास, लिफ्टची गर्दी सगळं कळतं. फोनचा चार्जर बरोबर ने आणि प्रत्येक सॉकेटला लावून बघ, जुन्या बिल्डिंगांमधे वायरिंग जुनंच असेल तर खिडकीतला एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावला की फ्यूज उडतो, तेव्हा एसीसाठी वेगळी लाइन आहे का ते विचार. शॉवर सोड, मग फ्लश कर, पाण्याची धार बारीक होते का बघ, गरम पाणी किती वेळाने येतं ते मोज. सिंकखाली वाकून टॉर्च मार, पाइप भिंतीत शिरतो तिथे भोक उघडं असेल किंवा स्टीलची घासणी कोंबलेली असेल तर उंदीर येऊन गेलेत असं समज. बाथरूमचं छत बघ, नव्या रंगाखाली पिवळसर गोल दिसला तर वरच्या मजल्याचं पाणी आहे. बेडरूमला खरी खिडकी हवी आणि खोली किमान ८० चौरस फूट हवी, नाहीतर ती कायद्याने बेडरूमच नाही, कधीकधी मोठ्या स्टुडिओमधे पार्टिशन घालून वन बेडरूम म्हणून विकतात.

आणि तुझ्यामाझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, चुलीवरचा एक्झॉस्ट! रिनोव्हेट केलेल्या किचनमधे दिसायला झकास हूड असतं पण ते बाहेर हवा टाकतच नाही, तीच हवा जाळीतून गाळून परत खोलीत सोडतं. तिथे हात धरून बघ, वर कपाटात पाइप गेलाय का बघ. नसेल तर किचनला किंवा जवळ खिडकी आहे का ते बघ, नाहीतर लाल मिरचीची फोडणी दिलीस की स्मोक अलार्म बोंबलेल आणि चादरी-कोटांना चार दिवस मोहरीचा वास येईल.

हीटिंगचं सांगते, कारण जर्सीत तुझ्याकडे बहुतेक भिंतीवरचं बटण असेल, इथे जुन्या बिल्डिंगांमधे तळघरातला बॉयलर सगळ्यांना एकदम वाफ पाठवतो, रेडिएटर पहाटे कुणीतरी हातोडा मारल्यासारखा ठणठण वाजतो आणि घर इतकं तापतं की लोक बर्फात खिडकी उघडी ठेवून झोपतात. घाबरायचं कारण नाही, हे नॉर्मल आहे. हीटचा खर्च सहसा मालकाचा असतो, लीजमधे तसं लिहिलंय का बघ. १ ऑक्टोबर ते ३१ मे नियम असा की सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ डिग्री फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८ हवं, म्हणजे आपले २० सेल्सियस, आणि रात्री बाहेर काहीही असो, आत ६२ हवं. मिळालं नाही तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करायचा, तारखा आणि तापमान फोनमधे लिहून ठेवायचं.

आत्ताच करता येण्यासारखं अजून एक आहे. शहराच्या हाउसिंग खात्याच्या, म्हणजे एचपीडीच्या साइटवर बिल्डिंगचा पत्ता टाक, तिथे त्या बिल्डिंगच्या तक्रारी आणि व्हायोलेशन्स, म्हणजे नोंदलेले नियमभंग, सगळे दिसतात, सी वर्गाचे असतील तर ते सगळ्यात धोकादायक समजतात. दरवर्षी हिवाळ्यात हीट नाही म्हणून दहा-दहा तक्रारी दिसल्या तर पांढऱ्या किचनचा मोह सोड. लीजबरोबर गेल्या वर्षभरात ढेकूण निघाले होते का याचा फॉर्म मालकाने द्यायलाच लागतो, तो मागून घे.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा लक्ष देऊन वाच, कारण मैत्रिणी, एजंट, कुणीच तुला हे सांगणार नाही. १९७४ च्या आधी बांधलेल्या आणि सहा किंवा जास्त घरं असलेल्या बिल्डिंगांमधली खूप घरं रेंट स्टेबिलाइज्ड असतात. म्हणजे भाडं दरवर्षी किती वाढवायचं ते मालक ठरवत नाही, शहराचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं. उदाहरणार्थ ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ मधे सुरू होणाऱ्या लीजला एका वर्षासाठी ३ टक्के आणि दोन वर्षांसाठी ४.५ टक्के, त्यापुढे नाही. आणि लीज संपलं की रिन्यू करून घ्यायचा तुझा हक्क असतो, एक वर्षाचं की दोन ते तू निवडायचं. आपल्याकडचं ते अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, दर दहाव्या महिन्याला मालकाच्या फोनची धास्ती, मुलं झाली की घर सोडा, त्याच्या हे अगदी उलट आहे.

तुझी बिल्डिंग सहा मजल्यांची आणि जुनी, म्हणजे शक्यता बरीच आहे. पण खात्री नाही, कारण २०१९ च्या आधी भाडं एका मर्यादेच्या वर गेलं आणि भाडेकरू सोडून गेला की घर त्या यादीतून कायमचं बाहेर काढता यायचं. म्हणून तर त्या काळात रिनोव्हेशनला एवढं महत्त्व आलं होतं, म्हातारा भाडेकरू गेला, किचन-बाथरूम नवीन केलं, खर्च भाड्यात चढवला, मर्यादा ओलांडली, घर मोकळं. २०१९ ने तो रस्ता बंद केला. आता स्टेबिलाइज्ड घरात रिनोव्हेशनचा जो खर्च भाड्यात चढवता येतो तो साधारण ३०,००० डॉलरपर्यंतच, तोही एकदम नाही, लहान बिल्डिंगला त्याचा १६८वा भाग आणि ३५ पेक्षा जास्त घरं असतील तर १८०वा भाग महिन्याला. भागाकार कर, १७९ किंवा १६७ डॉलर येतात. काही ठरावीक केसेसमधे ५०,००० धरतात, तरी महिन्याची वाढ साडेतीनशेच्या आतच राहते. त्यामुळे घर स्टेबिलाइज्ड असेल आणि आधीचा भाडेकरू चौदाशे देत होता आणि आता नवीन किचनमुळे २,४५० झालं असं कुणी म्हणालं तर ते गणित कुठेच बसत नाही.

मग एजंटला विचारायचा प्रश्न एकच, हे घर रेंट स्टेबिलाइज्ड आहे का, आणि आधीचं कायदेशीर भाडं किती होतं. स्टेबिलाइज्ड असेल तर लीजला एक रायडर, म्हणजे पुरवणी कागद, जोडावा लागतो आणि त्यात आधीचं भाडं आणि वाढ कशी झाली ते लिहावं लागतं. सही करून राहायला गेलीस की स्टेटच्या हाउसिंग खात्याकडून, डीएचसीआर म्हणतात त्यांना, आपल्या घराची रेंट हिस्टरी मागव, फुकट मिळते, त्यांचं ऑफिस क्वीन्समधेच जमैकाला आहे. आपण मराठी माणसं सातबारा बघितल्याशिवाय जमिनीचा तुकडा घेत नाही, हा इथला भाड्याच्या घराचा सातबारा समज.

स्टेबिलाइज्ड नसेल तर २०२४ पासून गुड कॉज नावाचा कायदा लागू होतो का ते बघ, त्यात मालक तुला कारणाशिवाय बाहेर काढू शकत नाही आणि भाडं अवाच्या सवा वाढवलं तर ते कोर्टात टिकवणं त्याला अवघड जातं, पण छोटे मालक, २००९ नंतरच्या बिल्डिंगा, को-ऑप असे काही यातून सुटतात. आणि हे को-ऑप प्रकरण जॅक्सन हाइट्समधे फार आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच, शेअर सर्टिफिकेटवाला मालक असतो आणि तो तुला भाड्याने देतो, पण सोसायटीच्या बोर्डाची परवानगी लागते, इंटरव्ह्यू असतो, आठवडेच्या आठवडे जातात आणि बऱ्याच को-ऑपमधे दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची परवानगीच नसते. राहायला छान असतात त्या, पण तुला पाच वर्षं टिकायचं असेल तर हे आधीच विचारून घे.

हां, आणि आता ते मिक्स क्राउड.

तू जिथे घर बघितलंस ना, त्या भागातल्या बागांच्या बिल्डिंगा क्वीन्सबरो कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीने १९१० नंतर बांधायला घेतल्या, एडवर्ड मॅकडूगल म्हणून तिचा प्रमुख होता. रस्त्यावरून नुसत्या विटा दिसतात, पण आत गेलीस तर अख्ख्या ब्लॉकच्या मधोमध लपलेली बाग असते, मोठमोठी झाडं. ते इतकं सुंदर आहे की १९९३ साली शहराने तो भाग हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट केला, आता तिथे रस्त्याकडची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. पण ह्या सुंदर बागा बांधल्या तेव्हा तिथे ज्यू लोकांना आणि काळ्या लोकांना घर मिळत नव्हतं. ठरवून, नियम करून मिळत नव्हतं. तेव्हाही लोक म्हणतच असणार, आपली माणसं आहेत म्हणून. पुढे ते नियम मोडले, १९६५ ला अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला, आणि आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर आले, कोलंबियाचे आले, मग बांगलादेशी, नेपाळी, तिबेटी. ७४व्या स्ट्रीटवर साड्यांची आणि २२० व्होल्टवर चालणाऱ्या मिक्सर-इस्त्र्यांची दुकानं निघाली, लोक गावी न्यायला तिथून घ्यायचे. तू मिक्स क्राउडमधे जाशील की नाही हा प्रश्नच नाहीये गं, तो क्राउड तिथे येऊ शकला म्हणून तर तुला मला तिथे घर मिळतंय.

एडिसन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, तिथेही माझी माणसं आहेत. पण तुझं ऑफिस ५३व्या स्ट्रीटला. रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला ई ट्रेन पकडलीस की दिवसा तिसरं स्टेशन लेक्सिंग्टन-५३. एडिसनहून रोज ट्रेन धर, मग बदल, जाऊन-येऊन आयुष्य प्लॅटफॉर्मवर जाईल.

आणि आपली माणसं म्हणजे कोण ते मला १४ ऑगस्ट २००३ ला कळलं. दुपारी चारच्या सुमाराला अख्ख्या शहराची वीज गेली, सबवे बंद, मी ऑफिसमधून चालत निघाले आणि हजारो लोकांबरोबर क्वीन्सबरो ब्रिज ओलांडून घरी पोचले तेव्हा अंधार पडत आला होता. गॅस चालू होता, तेव्हा शेजारची बांगलादेशी काकू फ्रीजरमधली सगळी मासळी तळत बसली होती, खराब होण्यापेक्षा खाऊन संपवा म्हणून, खालच्या मजल्यावरच्या कोलंबियन आजी पान दे युका घेऊन जिन्यात मेणबत्ती लावून बसलेल्या, आणि मी फ्रीजमधलं वितळत चाललेलं श्रीखंड वाट्यांतून वाटलं. एकमेकींची भाषा धड येत नव्हती. त्या दिवसापर्यंत पाच वर्षं मी त्या जिन्यात नुसती मान हलवून जात होते, याची मला आजही खंत वाटते. नंतर आजींनी दाखवलं की त्यांचा तो पाव युका नावाच्या कंदाच्या पिठाचा असतो, आणि मला कितीतरी उशिरा कळलं की आपला साबुदाणा त्याच कंदापासून करतात. रुझवेल्टवरच्या भाजीवाल्यांकडे तो कंद ढिगाने मिळतो, बघ जाऊन.

तरी आईची भीती अगदीच उडवून लावू नकोस. सेव्हन ट्रेनच्या पुलाखालचा रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू रात्री उशिरा काही ब्लॉकवर त्रासदायक असतो, तिथल्या वेश्याव्यवसायाच्या आणि चोऱ्यांच्या तक्रारींवरून २०२४ च्या शरदात पोलिसांनी मोठी मोहीमही काढली होती. शिवाय पुलालगतच्या घरात ट्रेनचा आवाज इतका की फोनवर बोलणं थांबवायला लागतं. पण ३५ आणि ३७ अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या गल्ल्या एकदम शांत, झाडांच्या. ३४ अ‍ॅव्हेन्यू २०२० पासून दिवसभर गाड्यांना जवळजवळ बंद असतो, २६ ब्लॉक, पोरं सायकली शिकत असतात, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसतात. तू काय कर, एका शुक्रवारी रात्री अकराला स्टेशनपासून त्या बिल्डिंगपर्यंत मैत्रिणीला घेऊन चालत जा. तुला स्वतःला कसं वाटतं ते बघ, माझ्या किंवा मैत्रिणींच्या सांगण्यावर नको. आणि रविवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावून ७४व्या स्ट्रीटवरून फिरव, पोह्यांची पाकिटं, मेथीच्या जुड्या, कढीपत्ता बघितला की अर्धी भीती जाईल. गोडा मसाला मात्र तिलाच पाठवायला सांग.

राहिला एजंटचा तो वासाचा प्रश्न. ह्यावर मला राग आला, खरंच आला. आपल्याकडे मुंबईत मांसाहारी म्हणून, मुसलमान म्हणून, एकटी बाई म्हणून घर नाकारतात आणि लोक ते निमूट सहन करतात. न्यूयॉर्क शहरात मात्र कुठल्या देशाची, कुठल्या धर्माची, कुठल्या रंगाची, व्हिसा कुठला यावरून घर नाकारणं बेकायदा आहे. इंडियन कुकिंग करता का हे तो गोऱ्या मुलीला विचारणार नाही. त्याने ते लेखी विचारलं असेल तर स्क्रीनशॉट ठेव, तोंडी असेल तर तारीख-वेळ लिहून ठेव. घर नाकारलं तर शहराच्या कमिशन ऑन ह्युमन राइट्सकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, ३११ वरून सुद्धा पुढे पाठवतात. आणि त्याला उत्तर देताना मी क्वचितच करते वगैरे काही सांगत बसू नकोस. मी घरी स्वयंपाक करते, एवढंच.

किल्ली हातात आली की सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढ, कपाटांच्या आतले, ओट्याचे, फ्लोअरिंगचे, आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल कर. सोडताना १४ दिवसांत त्याने डिपॉझिट परत द्यायचं किंवा काय कापलं त्याची यादी द्यायची, यादी दिली नाही तर कापायचा त्याचा हक्कच जातो. हळदीच्या डागाचं काय ते आता त्याने कागदावर लिहून दाखवावं.

आणि खलबत्ता आण गं. चेक-इन सामानात टाक, वजन बघ फक्त. जुन्या बिल्डिंगांचे लाकडी मजले आवाज खाली पाठवतात, आणि बऱ्याच लीजमधे ८० टक्के फरशी गालिच्याने झाकायची अट असते ती त्याचसाठी. ओट्यावर चौपदरी टॉवेल घाल, त्यावर खलबत्ता, नव्या क्वार्ट्झला टवका उडायला नको, आणि खालच्यांकडे एकदा वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन जा, म्हणजे ठकठक कसली ते त्यांना कळेल. रात्री दहानंतर नको कुटूस.